पार्किन्सन्सच्या गोळ्या, साइड इफेक्ट आणि "बंद करू का?" : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि तिकडे वाशी-नेरूळ-पनवेल पट्ट्यात घरी पार्किन्सन्सचा (म्हणजे कंपवाताचा) पेशंट सांभाळणारे आम्ही बरेच जण एकमेकांना तेच तेच प्रश्न विचारत असतो, आणि त्यातले निम्मे तरी फिरून फिरून "ही गोळी बंद केली तर चालेल का" इथेच येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे आणि गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात असतो, एवढीच माझी पात्रता. कोणाला किती डोस ते इथे मिळणार नाही, ते तुमच्या न्यूरोलॉजिस्टलाच विचारा. कशाला घाबरायचं, कशाला नाही आणि काय मनाने अजिबात करायचं नाही, ते मात्र मिळेल.

सिंडोपा ११०, १२५, २७५ हे आकडे काय आहेत? केमिस्ट म्हणतो सगळं एकच आहे.

एकच नाहीये. सिंडोपा ही पार्किन्सन्सची नेहमीची गोळी, आणि आकडा म्हणजे तिच्यातल्या दोन औषधांच्या मिलिग्रॅमची बेरीज आहे. लेव्होडोपा हे मुख्य औषध, ते मेंदूत जाऊन डोपामिन बनतं, म्हणजे हालचालीसाठी लागणारं आणि या आजारात कमी पडणारं रसायन. दुसरं कार्बिडोपा, ते लेव्होडोपाला मेंदूत पोचायच्या आधीच शरीरात इतरत्र डोपामिन बनू देत नाही. ११० म्हणजे १०० लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा, १२५ म्हणजे १०० आणि २५, आणि २७५ म्हणजे २५० आणि २५. म्हणजे ११० आणि १२५ मध्ये मुख्य औषध सारखंच आहे, पण २७५ मध्ये ते अडीच पट आहे. त्यामुळे "११० संपलीय, २७५ घेऊन जा, अर्धी करून द्या" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणायचं आणि पुढच्या दुकानात जायचं. ठाण्याच्या नौपाड्यात काय कमी दुकानं आहेत का. टिडोमेट हे दुसऱ्या कंपनीचं तेच औषध, त्यात आकड्याच्या जागी प्लस, फोर्ट अशी नावं असतात, तिथे स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेले मिलिग्रॅम वाचायचे. आणि सीआर लिहिलेली गोळी हळूहळू विरघळणारी असते, ती कुटून किंवा चावून द्यायची नाही, नाहीतर जे तासन्‌तास हळूहळू सुटायचं ते एकदम सुटतं.

गोळी सुरू केल्यापासून मळमळ, उलटी. आई म्हणते मला नकोच ती गोळी.

सुरुवातीचा सगळ्यात कॉमन त्रास हाच, आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत कमी होतो. मेंदूबाहेर डोपामिन बनलं की उलटीची भावना होते, आणि वरचा कार्बिडोपाचा मुद्दा इथेच कामाला येतो, कारण दिवसभरात साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा गेलं तर ते काम नीट होतं. ११० च्या तीन गोळ्यांत ते फक्त ३० जातं. म्हणून मळमळ फार असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा की ११० च्या जागी १२५ चालेल का, बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. तोपर्यंत गोळीबरोबर दोन मारी बिस्किटं, खाकरा किंवा थोडे कुरमुरे द्यायला हरकत नाही, दूध नको (का ते खाली आहे).

उलटीची गोळी मात्र मनाने आणायची नाही. डॉमपेरिडोन, म्हणजे डॉमस्टाल वगैरे, सहसा चालते, पण हार्टचा त्रास असेल तर आधी ईसीजी बघतात. पेरिनॉर्म, म्हणजे मेटोक्लोप्रमाइड, आणि स्टेमेटिल या दोन्ही पार्किन्सन्सवाल्यांना नकोत. त्या मेंदूतलं डोपामिन अडवतात, म्हणजे सिंडोपा एकीकडून देतेय आणि ही दुसरीकडून काढून घेतेय.

लघवी लालसर-तपकिरी होते, उशीच्या अभ्र्यावर काळपट डाग पडतात. किडनी गेली का?

नाही. लेव्होडोपाने लघवी, घाम, लाळ काळपट किंवा लालसर होऊ शकते. एन्टाकापोन (लेव्होडोपाचा असर लांबवणारं औषध) असलेली गोळी असेल तर लघवी नारिंगी-तपकिरी होते. धोका नाही, फक्त पांढरे अभ्रे वापरू नका. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा तपासून घ्या.

उठलं की डोळ्यासमोर अंधारी येते. बीपी तर नेहमी हाय असायचं!

पार्किन्सन्समध्ये मुळातच उभं राहिल्यावर बीपी पडतं आणि गोळ्या त्यात भर घालतात. जवळजवळ सगळ्याच. घरी मशीन असेल तर आडवं झोपवून एकदा बीपी घ्या, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर लिहून डॉक्टरांना दाखवा. खूप जणांना दहा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या बीपीच्या गोळ्या तशाच चालू असतात, फॅमिली डॉक्टर आणि न्यूरोलॉजिस्ट एकमेकांशी बोललेले नसतात आणि पेशंट मधल्या मध्ये बाथरूममध्ये पडतो. त्यामुळे सगळ्या गोळ्यांची एकच यादी करून दोघांनाही दाखवा, प्लीज. मे महिन्यात आपल्याकडे जो चिकट घाम येतो त्यात पाणी कमी पडलं की हे अजून वाढतं. पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून थोडं बसायचं, मग उभं राहायचं, आणि जेवण झाल्या झाल्या लगेच उठायचं नाही.

जेवणाआधी की नंतर? आणि उपवासाच्या दिवशी काय?

सुरुवातीचे मळमळीचे दिवस गेले की जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, नाहीतर जेवल्यावर दीड-दोन तासांनी. प्रोटीन पचून जी अमिनो आम्लं बनतात ती आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच वाटेने जातात, त्यामुळे गर्दी झाली की लेव्होडोपा मागे राहतं. म्हणून दुपारी सुरमई-डाळ-भात हाणला आणि वर गोळी घेतली की "आज गोळी चढलीच नाही" होतं. प्रोटीन बंद करायचं नाही हां, वजन आणि ताकद जाते. ज्यांना हा त्रास स्पष्ट जाणवतो त्यांनी डाळ, पनीर, अंडी, मासे जास्त करून रात्रीच्या जेवणात घ्यायचे. गोळी दुधाच्या चहाबरोबर न देता पाण्याबरोबर द्या. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि सिंडोपात दोनेक तासांचं अंतर ठेवा.

उपवास करायचा तर करा, पण गोळीचा उपवास करायचा नाही. एकादशीला "आज पोटात काहीच नको" म्हणून सकाळची गोळी सोडणाऱ्या आज्या मी बघितल्यात, आणि संध्याकाळी त्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात. औषधाने उपवास मोडत नाही हे घरातल्या मोठ्या माणसाने किंवा भटजींनी सांगितलं तर जास्त पटतं, हा माझा अनुभव.

बद्धकोष्ठताही सांभाळा, पोट साफ नसेल आणि जठरच मंद असेल तर गोळी उशिरा चढते, आणि पार्किन्सन्समध्ये दोन्ही असतं.

आधी एक गोळी सहा तास पुरायची, आता तीन तासांत उतरते. सवय लागली का?

व्यसन लागल्यासारखं हे नाहीये. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतल्या पेशी आलेलं डोपामिन साठवून ठेवू शकतात, म्हणजे सोसायटीला गच्चीवरची टाकी असते तसं, पालिकेचं पाणी दिवसातून दोनदाच आलं तरी नळाला दिवसभर असतं. आजार पुढे जातो तशा त्या पेशी कमी होतात, टाकी लहान होत जाते, आणि मग लाइनला पाणी असेल तेव्हाच नळाला. मग डॉक्टर डोस एकमेकांच्या जवळ आणतात, सीआर देतात, एन्टाकापोन किंवा रासाजिलिन जोडतात. हे नीट समजून घ्या, कारण गोळी अचानक बंद केल्यावर इतकं का बिघडतं ते याच्यातच आहे.

हातपाय, मान वेड्यावाकड्या हलतात, बसल्या बसल्या डोलतात. कंप वाढला म्हणून जास्त गोळी देऊ का?

थांबा, आधी वेळ बघा. कंप म्हणजे एका लयीत थरथर, आणि तो गोळी उतरल्यावर वाढतो. डोलणं, वळवळणं, नाचल्यासारखं होणं याला डिस्किनेसिया म्हणतात आणि ते बहुतेक वेळा गोळी जोरात चढलेली असताना होतं. म्हणजे उपाय बरोब्बर उलटे. मोबाइलवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि गोळीनंतर किती वेळाने काढलाय ते लिहून ठेवा. ओपीडीत पोचेपर्यंत नेमकं सगळं छान झालेलं असतं, तेव्हा तो व्हिडिओच कामाला येतो. पुष्कळदा पेशंटला स्वतःला त्या डोलण्याचा फारसा त्रास नसतो, आपल्यालाच चारचौघांत लाज वाटते. तसं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण डोस कमी केला तर डोलणं थांबेल पण माणूस जखडेल.

सासऱ्यांना घरात लहान मुलं, मुंग्या, ओळखीची गेलेली माणसं दिसतात. बाहेरचं काही आहे का?

बाहेरचं नाही, भास आहेत. औषधांमुळे होतात, आजारामुळेही होतात. पॅसिटेन, अमँटाडिन, प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या पार्किन्सन्सच्याच इतर गोळ्यांमुळे जास्त, आणि वय जितकं जास्त तितके जास्त. पण भास अचानक एक-दोन दिवसांत सुरू झाले असतील तर आधी लघवीचं इन्फेक्शन, ताप, पाणी कमी पडणं, सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठता आणि गेल्या आठवड्यात नवीन सुरू झालेली कुठलीही गोळी, हे सगळं बघून घ्या. बऱ्याचदा मूळ कारण इथेच सापडतं.

पेशंटशी वाद घालू नका. "तिथे कोणी नाहीये हो!" असं दहा वेळा ओरडून काही होत नाही, दिवा लावा, पडद्याच्या सावल्या, हलणारे कपडे काढा, आणि शांतपणे विषय बदला. काही जणांना माहीत असतं की हे खरं नाही, ते हसून सांगतातही. त्रास तेव्हा, जेव्हा संशय सुरू होतो, बायकोवर, कामवाल्या मावशींवर, शेजाऱ्यांवर. तेव्हा पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करा. डॉक्टर बहुधा एकेक गोळी क्रमाने कमी करत आणतात, पॅसिटेनसारख्या आधी आणि लेव्होडोपा सगळ्यात शेवटी. लागलंच तर क्वेटियापिन अगदी थोडी देतात, किंवा क्लोझापिन, पण क्लोझापिनला नियमित रक्ततपासणी लागते. हॅलोपेरिडोल (भासांवर दिलं जाणारं दुसरं औषध) मात्र नको, ते मेंदूतलं डोपामिन अडवतं. हे वाक्य फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

हे विचारायला लाज वाटते, पण... मिस्टरांनी ऑनलाइन रमीत पैसे घालवले, कधी नव्हे ते घरात पार्सलांचा ढीग, आणि इतरही वागणं बदललंय.

लाज वाटू देऊ नका, हा गोळीचा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे आणि तुम्ही एकट्या नाही. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटाच्या गोळ्यांनी (डोपामिन अ‍ॅगोनिस्ट म्हणतात) काही जणांचा मनावरचा ब्रेक सुटतो. जुगार, खरेदी, रात्री उठून गोड खात सुटणं, लैंगिक इच्छा एकदम वाढणं, किंवा तासन्‌तास एकच काम, म्हणजे रेडिओ खोलून जोडत बसणं, कपाट लावत बसणं. अमेरिका-कॅनडातल्या तीन हजारांवर पेशंटचा मोठा अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात असा किमान एक त्रास अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांत आणि न घेणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्क्यांत सापडला. थोडा-थोडका नाहीये हा आकडा.

आयुष्यभर एक रुपया उधळला नाही असा माणूस साठी-सत्तरीत असं करायला लागला की घरचे म्हणतात म्हातारचळ लागला, आणि बायको कोणाला सांगत नाही. पेशंट तर नाहीच सांगत, त्याला त्यात गंमतच वाटत असते. म्हणून घरच्यांनीच डॉक्टरांना सांगायचं. समोर बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिहून आत पाठवा, किंवा आदल्या दिवशी फोन करा. तोपर्यंत यूपीआय, कार्ड, एफडीचे कागद शांतपणे स्वतःकडे घ्या. आणि गोळी एकदम बंद करू नका, त्याचं पुढे येतंच.

याच्याच जवळचा प्रकार म्हणजे पेशंट स्वतःहून चोरून जास्त सिंडोपा घेत राहतो, हालचाल ठीक असली तरी. स्ट्रिपा हिशोबापेक्षा लवकर संपत असतील तर लक्ष ठेवा.

दिवसा बसल्या जागी झोप लागते. स्कूटर चालवू द्यायची का?

नाही. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटाच्या गोळ्यांनी कधीकधी काही सूचना न देता झोप लागते. पाम बीच रोडवर नाही आणि घोडबंदर रोडवर तर नाहीच. चावी काढून घ्या, भांडण झालं तरी चालेल, आणि डॉक्टरांना कळवा.

गोळ्या अचानक बंद केल्या तर नक्की काय होतं? त्यांना त्रास होतोय तर दोन दिवस बंद ठेवून बघू का?

नाही, नाही आणि नाही. या सगळ्या लिखाणातलं एकच काही वाचणार असाल तर हे वाचा.

लेव्होडोपा अचानक बंद झालं किंवा एकदम खूप कमी झालं तर काही तासांत माणूस कडक होतो, हलता येत नाही, गिळता येत नाही, म्हणजे आता गोळी द्यायची म्हटली तरी तोंडाने जात नाही. काही जणांमध्ये याच्याही पुढे जातं, जोराचा ताप, लाकडासारखं ताठ अंग, घाम, बीपी आणि नाडी वरखाली, बरळणं, मग गुंगी. याला पार्किन्सनिझम हायपरपायरेक्सिया सिंड्रोम म्हणतात. स्नायू इतके आवळले जातात की ते तुटायला लागतात, रक्तात सीपीके (तुटलेल्या स्नायूंमधून येणारा घटक) वाढतं, किडनीवर ताण येतो, आणि वेळेत ओळखलं नाही तर माणूस जातो. औषध बंद झाल्यावर काही तासांपासून आठवड्याभरात कधीही हे होऊ शकतं. आणि ताप बघून घरात वाटतं व्हायरल असेल, डेंग्यू असेल, पावसाळ्यात तर हमखास. म्हणून तापाच्या पेशंटला कॅज्युअल्टीत नेताना "यांना पार्किन्सन्स आहे आणि इतक्या वेळापासून गोळी गेलेली नाही" हे पहिलं वाक्य असलं पाहिजे.

एक जुनी गोष्ट सांगते. १९७० च्या दशकात आणि नंतरही परदेशात "ड्रग हॉलिडे" म्हणून पेशंटला हॉस्पिटलात ठेवून काही दिवस लेव्होडोपा मुद्दाम बंद करायचे, कल्पना अशी की परत सुरू केल्यावर छान चालेल. फायदा टिकला नाही आणि न्यूमोनिया, रक्ताच्या गाठी, जीवघेणा ताप असले प्रकार झाले, म्हणून ते सोडून दिलं. म्हणजे मोठ्या हॉस्पिटलांत डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर जे जमलं नाही ते आपण टू बीएचकेत करून बघायचं नाही.

बंद होण्याची कारणंही बघा, कोणी मुद्दाम करतंच असं नाही. उलट्या-जुलाब, ऑपरेशनआधीचं उपाशी ठेवणं, गावाला गोळ्या विसरणं, केमिस्टकडे स्टॉक नसणं, नवीन केअरटेकरला वेळा न कळणं. एखादाच डोस चुकला तर घाबरू नका, आठवल्यावर द्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम देऊ नका, पुढची वेळेवर द्या.

डॉक्टरांनीच प्रामिपेक्सोल कमी करायला सांगितलं आणि तेव्हापासून घाबरणं, रडणं, घाम. सिंडोपा वाढवूनही उपयोग नाही.

हेही माहीत असलेलं आहे, २०१० मध्ये याचं पहिल्यांदा नीट वर्णन झालं, डोपामिन अ‍ॅगोनिस्ट विथड्रॉवल सिंड्रोम असं नाव आहे. अ‍ॅगोनिस्ट कमी करताना किंवा बंद केल्यावर बेचैनी, पॅनिक अटॅक, उदासी, चिडचिड, अंगदुखी, घाम, झोप उडणं, आणि "मला तीच गोळी हवी" असा हट्ट. हालचाल ठीक असते तरी माणूस कासावीस असतो, आणि लेव्होडोपा वाढवून ते जात नाही. ज्यांचा डोस मोठा होता किंवा ज्यांना आधी जुगार-खरेदीचा त्रास झाला होता त्यांना जास्त होतं. म्हणजे ज्यांना ती बंद करायची गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच बंद करताना सगळ्यात जास्त त्रास, विचित्र आहे पण आहे.

यावर ठरलेलं औषध नाही. गोळी थोडी परत वाढवून मग अजून हळू, कित्येकदा महिनोन्‌महिने घेऊन उतरवतात. तुम्ही करायचं ते एवढंच की "नाटक करतायत" म्हणू नका आणि डॉक्टरांना लवकर कळवा. जगण्यात अर्थ नाही, मरून जावं असं बोलणं सुरू झालं तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास असतो आणि मराठीत बोलता येतं.

अमँटाडिन आणि पॅसिटेन तर साध्या गोळ्या आहेत ना, त्या तरी बंद करू का?

साध्या कोणी सांगितलं? अमँटाडिनने घोट्याला सूज येते, पायावर जाळीसारखे जांभळट चट्टे येतात, झोप बिघडते. ती किडनीतून बाहेर जाते म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस बदलावा लागतो. एकदम थांबवली तर गोंधळ, बरळणं होऊ शकतं. पॅसिटेनने तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं आणि विसरभोळेपणा येतो. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि सत्तरीच्या पुढच्या माणसाला वर्षानुवर्षं तीच चालू असेल तर "अजून गरज आहे का" हे विचारण्यासारखं आहे. विचारायचं हां, स्वतः काढायची नाही. तीही उतरवतच आणतात.

लेव्होडोपा लवकर सुरू केलं तर लवकर संपतं म्हणे, म्हणून दादा गोळीच घेत नाही.

ही समजूत फार पसरलीय. नेदरलँड्समध्ये ४४५ पेशंटवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये आला, निम्म्यांना लगेच लेव्होडोपा आणि निम्म्यांना ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. म्हणजे लवकर घेतल्याने आजार थांबला नाही, पण वाढलाही नाही. मधले महिने मात्र उशिरावाल्यांनी उगाच त्रासात काढले असं मी तरी म्हणेन.

आयुर्वेदात कंपवातावर औषध आहे, ते चालू करून अ‍ॅलोपॅथी सोडू का?

कवचबीजात, म्हणजे आपली खाजकुयली, तिच्या बियांत खरंच लेव्होडोपा असतं. म्हणूनच तर काळजी. सिंडोपावर वरून ते चूर्ण घेतलं की एकूण लेव्होडोपा किती जातंय ते कोणालाच कळत नाही, डोलणं, भास, बीपी पडणं सगळं वाढू शकतं. आणि सिंडोपा सोडून चूर्णावर गेलात तर वरचं अचानक बंदचं प्रकरण पुन्हा वाचा. वैद्यांकडे जायचं असेल तर जा, पण वैद्य आणि न्यूरोलॉजिस्ट दोघांनाही दोन्हीकडचं माहीत पाहिजे.

ऑपरेशन आहे, रात्रीपासून उपाशी ठेवणार. गोळ्यांचं काय?

मोतीबिंदू असो की खुबा, अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच सर्जन, भूलतज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट तिघांना एकमेकांबद्दल माहीत करून द्या. शक्यतो सकाळची पहिली केस मागायची. बऱ्याचदा थोड्या पाण्याबरोबर सकाळचा डोस द्यायला भूलतज्ज्ञ परवानगी देतात, आणि पोटाचं मोठं ऑपरेशन असेल, तोंडाने चालणार नसेल तर नाकातल्या नळीने देता येतं. हे सगळं आधी ठरतं, ऑपरेशनच्या टेबलावर नाही.

वॉर्डात दुसरी अडचण. तिथे गोळ्या सिस्टरच्या राउंडच्या वेळेला, ८-२-८, आणि तुमच्या पेशंटला सकाळी ६, १०, २, ६. तासाभराचा फरकही कळतो. घरच्या स्ट्रिपा सोबत न्या, वेळा मोठ्या अक्षरात फाइलवर चिकटवा आणि सिस्टरना नम्रपणे पण रोज आठवण करा. चिडून बोललं की काम होत नाही, चहा विचारला की होतं.

रासाजिलिन, सेलेजिलिन चालू असेल तर तेही ठळक लिहा. त्यांच्याबरोबर ट्रॅमाडॉल, पेथिडिन ही दुखण्याची औषधं चालत नाहीत, आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन असलेलं खोकल्याचं औषधही नाही. ते तर केमिस्ट विचारल्याशिवाय देतो.

चक्करसाठी स्टुजेरॉन चालेल का?

नको. सिनॅरिझिन (स्टुजेरॉनमधलं औषध) आणि मायग्रेनला देतात ते फ्लुनॅरिझिन, दोन्हींमुळे पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात किंवा आहेत ती वाढतात. उलटीसाठी पेरिनॉर्म नको तर काय, असं कॅज्युअल्टीत विचारलं तर ऑन्डान्सेट्रॉनबद्दल विचारा.

स्टॉक किती ठेवायचा?

दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्या नेहमी जास्त असाव्यात. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी इथे काढलाय त्यांना कारण सांगायला नको. रोजचा डबा भरला तरी बाकीच्या गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या, दमट हवेत सुट्या गोळ्यांचा रंग बदलतो. गणपतीला कोकणात जाताना गोळ्या मांडीवरच्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही, कारण हायवेवर किती तास अडकाल ते गणपतीच जाणे. जनऔषधीची जेनेरिक घ्यायला हरकत नाही, खूप स्वस्त पडते, फक्त दर महिन्याला कंपनी बदलत बसू नका आणि बदललीत तर पहिले काही दिवस लक्ष ठेवा.

डीबीएस ऑपरेशन (मेंदूत तारा आणि छातीत बॅटरीचं मशीन बसवतात ते) झालं की गोळ्या सुटतात ना?

कमी होतात, बहुतेकांच्या पूर्ण सुटत नाहीत. आणि त्या कमी करणंही हळूहळूच, घाईत केलं तर माणूस एकदम निरुत्साही, उदास होतो. छातीतल्या मशीनच्या बॅटरीची तारीख डायरीत लिहा, ती अचानक संपली तरी गोळ्या बंद झाल्यासारखाच गंभीर प्रकार होऊ शकतो.

रात्री काही झालं तर कधी थांबायचं आणि कधी निघायचं?

जास्त ताप आणि अंग ताठ, गिळता येत नाही म्हणून गोळी जात नाही, गुंगी, एकदम सुरू झालेलं बरळणं, पडून डोक्याला लागणं, यात सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या ज्या हॉस्पिटलात आयसीयू आहे तिथे निघा. लांबच्या आपल्या न्यूरोलॉजिस्टकडेच न्यायचं म्हणून रात्री खाडीपूल ओलांडत बसू नका, पोचल्यावर त्यांना फोनवर जोडून देता येतं. मळमळ, डोलणं, रंगीत लघवी, थोडे भास, हे सकाळी फोन करून चालतं.

बाकी काही तपासण्या?

बी-१२ वर्षातून एकदा तरी विचारा. लेव्होडोपा बरीच वर्षं चालू असेल तर ते कमी होऊ शकतं, शाकाहारी असाल आणि डायबेटिससाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर अजूनच. पायाची जळजळ, मुंग्या याने होतात आणि आपण सगळं पार्किन्सन्सच्या नावावर टाकत राहतो.

आमच्यासारखे अजून कोणी भेटतात का?

भेटतात. पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसॉर्डर सोसायटी मुंबई आणि आसपास सपोर्ट ग्रुप चालवते, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे सगळं मराठीत. जवळचा ग्रुप कुठे भरतो ते आधी फोन करून विचारा. पहिल्यांदा जाताना पेशंट कुरकुर करतो, मला काय झालंय, ती आजारी माणसं मला बघायची नाहीत वगैरे, तरी एकदा न्याच. वेळ मात्र गोळी चढलेली असेल अशी निवडा, ट्रान्स-हार्बरच्या (ठाणे-वाशी-पनवेल) लोकल गाडीत चढणं-उतरणं तेवढंच सोपं जातं, आणि पुढचा डोस पाण्याच्या बाटलीसोबत पर्समध्ये ठेवा.